मालकी घेण्याआधी लिहून ठेवा

रविवारी दुपारी ऑफिसात जाताना कुलूपताईने पर्समध्ये तीन गोष्टी टाकल्या: चष्मा, आईसाठी मऊ बिस्किटांचा पुडा आणि वॉचमनसाठी गुडघ्याचं मलम. डायरी टाकायची राहिली. डायरी राहिल्याचं तिला जिन्यातच आठवलं होतं. पण तीन मजले परत चढायचे कोणी? तिचे स्वतःचेच गुडघे मलमाच्या वयाला आले होते.

कुलूपताई हे तिचं ऑफिसातलं नाव. तिथे चारशे माणसं एकाच सामायिक ड्राइव्हवर फायली ठेवायची. त्यातलं कुठलं फोल्डर कोणाला उघडेल, कोणाला फक्त वाचता येईल आणि कोणाला दिसणारच नाही, हे ठरवणं तिचं काम. दिवसभर फोन चालू. "ताई, फोल्डर उघडत नाहीये हो." ताई उघडून द्यायची. चारशे माणसांची कुलपं सांभाळणारी ही बाई स्वतःच्या घराची किल्ली मात्र आठवड्यातून एकदा तरी हरवायची, आणि ते सगळ्यांना सांगतही सुटायची.

त्या रविवारचं काम तसं सरळ होतं. तो सामायिक ड्राइव्ह म्हणजे सहाव्या मजल्यावरच्या थंड खोलीतलं, फ्रीजपेक्षा जरा उंच असं एक कपाट. डिस्कांनी भरलेलं. ते म्हातारं झालं होतं. शेजारी नवं कपाट येऊन उभं होतं. नऊ दिवस जुन्यातून नव्यात कॉपी चालली होती. आज कोणी कामावर नाही, तर शेवटचा उरलासुरला माल हलवायचा, सगळ्यांची दारं नव्या कपाटाकडे वळवायची आणि घरी जायचं. सोमवारी सकाळी आठला जुन्या कपाटाला न्यायला माणसं येणार होती. त्याच्या डिस्कांचा चुरा व्हायचा होता. काम नीट झालं तर सोमवारी कोणाला काही कळणारही नव्हतं. कुलूपताईच्या धंद्यात शाबासकी अशीच मिळते.

तिची घाई वेगळ्या कारणाने होती. आठ महिन्यांपूर्वी तिने आईला एका वृद्धाश्रमात ठेवलं होतं. ठेवलं, हा शब्द तिला आवडत नसे, पण दुसरा सापडतही नसे. आईची आठवण विरत चालली होती. आधी शेजारणी गेल्या, मग दादाचं नाव गेलं. एकदा बाबांचा फोटो बघून आई म्हणाली, "कोण हो हे गृहस्थ? दिसायला बरे आहेत." उरलं होतं एकच नाव. ठमी. लहानपणी कुलूपताई गोल गरगरीत होती आणि तिला प्रत्येक गोष्टीला वेळ लागायचा, म्हणून ठमी. मागच्या रविवारी ते नाव यायलाही जरा उशीर झाला होता. सिस्टर म्हणाल्या होत्या, "पाचच्या आत येत जा. नंतर आजी थकतात, मग काही सांगता येत नाही."

म्हणून आज काहीही झालं तरी चारला निघायचं होतं.

गेटवर वॉचमन खुर्ची टेकवून बसला होता.

"ताई, रविवारी पण?"

"घरी एसी नाही हो."

"मग आम्हाला पण न्या वर."

"आधी हे लावा. दोन वेळा, आणि चोळायचं नाही जोरात. गुडघा काय म्हणतोय?"

"तो काय म्हणतोय? मीच बोंबलतोय," तो म्हणाला आणि मलमाची ट्यूब त्याने प्रेमाने टेबलावर उभी करून ठेवली.

वर मजला रिकामा. दिवे तिच्यापुरतेच लागत गेले आणि ती पुढे गेली की मागचे विझत गेले. तिने पँट्रीत चहा केला. कपांच्या फळीवर नेहमीसारखे सहा कप होते. तिच्या टीममध्ये माणसं तीन: ती, बॅकअपवाला आणि प्रिंटरवाला. उरलेले तीन कप कोणाचे ते कोणालाच माहीत नव्हतं. एकाचा कान तुटलेला, एकावर निळी रेघ, एक नुसता पांढरा. दर वर्षी ती म्हणायची, हे टाकून देऊया. दर वर्षी बॅकअपवाला म्हणायचा, "राहू दे गं, कोणाचे तरी असतील."

थंड खोलीला खिडकी नाही. तिथे दुपार आणि पहाट सारखीच. जमिनीतून गार वारा येतो, पंखे एका सुरात घुमतात आणि वास येतो तो गार लोखंडाचा आणि तापलेल्या धुळीचा. अकरा वर्षं ती तो सूर ऐकत होती. आज तो तिला जरा बदलल्यासारखा वाटला. मग तिने स्वतःचीच समजूत घातली की बाई, आज दोन कपाटं चालू आहेत, सूर दुप्पट येणारच.

जुन्या कपाटाच्या दारावर एक पिवळी चिठ्ठी होती. ती कामाला लागली त्याच्याही आधीची. कडा कुरतडलेल्या, वर चिकटपट्टीचे चार थर. अक्षर नीटनेटकं, गिचमिड नाही. "मालकी घेण्याआधी लिहून ठेवा."

हा नियम तिच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो. प्रत्येक फाइलला, प्रत्येक फोल्डरला एक मालक असतो. मालकाने आतून कडी लावली तर ॲडमिनलाही ते उघडत नाही. मग ॲडमिनच्या हाती एकच उपाय उरतो. स्वतः मालक व्हायचं. एक बटण दाबलं की झालं. पण तो मालक झाला की आधीच्या मालकाचं नाव पुसलं जातं. म्हणून आधी लिहून ठेवायचं, परत कोणाला द्यायची ते.

दुसरी एक गोष्ट सांगून ठेवते, पुढे लागेल. मालकाचं नाव आपल्याला दिसतं, पण कपाटाच्या पोटात नाव नसतं, एक लांबलचक नंबर असतो. माणूस नोकरीवर आहे तोवर नंबराच्या जागी नाव दिसतं. माणूस गेला, त्याचं खातं बंद झालं, की नाव जातं आणि नंबर राहतो. जुन्या कपाटात असे बेवारशी नंबर पुष्कळ होते. कुलूपताई त्यांना गमतीने आपली पितरं म्हणायची.

पावणेतीनला कॉपी संपली. एकेचाळीस लाख फायली गेल्या. बाकी एक फोल्डर.

नाव "तात्पुरतं".

तिला हसू आलं. प्रत्येक ऑफिसच्या ड्राइव्हवर असं एक फोल्डर असतंच, आणि सगळं बदललं तरी ते काही हलत नाही. तिने उघडायला घेतलं. परवानगी नाही. मोठ्या किल्लीने, म्हणजे ॲडमिनच्या खात्याने, उघडून बघितलं. परवानगी नाही. मालकाच्या रकान्यात एक नंबर. चाळीसएक आकडे, एका ओळीत, मुंग्यांसारखे.

तिने बॅकअपवाल्याला मेसेज टाकला. त्याचं उत्तर लगेच आलं. "सोड ना गं. उद्या चुरा होणार आहे त्याचा. कोण बघतंय?"

ते खरंच होतं. पण बाकीच्या खाली एक असा आकडा तिला बघवेना. ज्या बाईला घरी गॅस बंद केलाय का ते तीनदा बघावं लागतं, ती बाकी एक ठेवून कशी जाणार? शिवाय उद्या कोणी येऊन म्हणालं, ताई, माझं त्यात होतं, तर?

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. तिचा पाय टेबलाखाली आपोआप हलत होता. डायरी घरी. पर्समध्ये पेन होतं, कागद नव्हता. बिस्किटांच्या पुड्यावर लिहावं, असंही मनात आलं; फोनने फोटो काढावा, हे मात्र सुचलंच नाही. पण चाळीस आकडे... नंतर बघू, नोंदीत सापडेलच, असं म्हणून तिने बटण दाबलं. आणि घाईघाईत खालच्या चौकटीत खूणही करून टाकली: आतल्या सगळ्याची मालकी बदला.

नंबर गेला. तिथे तिचं नाव आलं.

मग तिला आठवलं की यंत्राची नोंदवही तिनेच आज आल्याआल्या बंद केली होती, कॉपी जोरात चालावी म्हणून. कुठल्याच कागदावर, कुठल्याच पडद्यावर तो नंबर आता उरला नव्हता.

"शहाणी," ती स्वतःला म्हणाली. खोलीत तिचा आवाज नीट उमटला नाही. गार वाऱ्याने तो तसाच खाली ओढून नेला.

फोल्डर उघडलं. आत चार छोट्या फायली. नुसता मजकूर, एकेक ओळ.

पहिली: "घेतली. कोणाकडून घेतली ते लिहायचं राहिलं."

दुसरी: "मीही घाईत होतो. लिहिलं नाही. परत द्यायला कोणी सापडत नाही."

तिसरी: "चिठ्ठी चिकटवली आहे. पुढच्याने तरी वाचावी."

कुलूपताईने मान वळवून कपाटाच्या दाराकडे बघितलं. पिवळी चिठ्ठी वाऱ्याने हलत होती. चारही बाजूंनी चिकटपट्टी होती, तरी हलत होती.

चौथी फाइल रिकामी होती. तयार झाल्याची वेळ: आजची, तीन वाजून सात मिनिटं.

तिने ती फाइल पुसायला घेतली. परवानगी नाही, असं उत्तर आलं. मालक तीच, आणि तिलाच परवानगी नाही. पुन्हा. नाही. मग तिने मालकी दुसऱ्या कोणाला तरी देऊन बघितली: बॅकअपवाल्याला, सगळ्या ॲडमिनना मिळून, अगदी बड्या साहेबांनाही. प्रत्येक वेळी यंत्र क्षणभर विचार केल्यासारखं थांबायचं आणि तिचंच नाव परत दाखवायचं.

शेजारी पडद्यावर आपोआप ओळ आली. कॉपी पूर्ण. बाकी शून्य. म्हणजे "तात्पुरतं" नव्या कपाटात गेलंसुद्धा.

जुन्या कपाटाचे दिवे मात्र लुकलुकत राहिले. आता तिथे कोणी काही वाचत नव्हतं, लिहीत नव्हतं. तरी हिरवे दिवे एकामागून एक, वरपासून खालपर्यंत, कोणीतरी बोटाने रकाने मोजत यावं तसे... आणि शेवटच्या रांगेत येऊन थांबले.

तिने बॅकअपवाल्याला फोन लावला.

"झालं बाबा. बाकी शून्य. आता पार्टी दे."

"कोण बोलतंय?"

"कोण काय? झोपला होतास ना जेवून?"

"हो, जरा डोळा लागला होता... कोण बोलतंय?"

"अरे मी. ताई."

मग तो म्हणाला, "बोला ना."

बोला. अकरा वर्षांत हा माणूस तिला बोल म्हणत आला होता, तेही कधीकधी तोंडात घास ठेवून. हा पक्का नाटकी होता, एकदा बड्या साहेबांचा आवाज काढून त्याने तिला रविवारी कामावर बोलावलं होतं. तिने हसून घेतलं.

"बरं नाटक पुरे. एक सांग, माझ्या आधी हे कुलपांचं काम कोण बघायचं?"

"होते कोणीतरी. मी वीस वर्षं आहे इथे... कोण होतं बरं? खुर्ची होती. त्यांचे कप अजून आहेत आमच्याकडे."

"किती कप?"

"सहा. दोन आमचे, चार त्यांचे."

"तीन," ती म्हणाली. "तीन त्यांचे. तीन आपले."

"नाही हो, आम्ही दोघंच आहोत. मी आणि प्रिंटरवाला. कुलपांची जागा कधीची रिकामी आहे." त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. होता तो नुसता अनोळखी माणसाशी बोलतानाचा चांगुलपणा. "तुम्ही कुठल्या ऑफिसातून बोलताय?"

तिने फोन ठेवला. पडद्यावर मालकाच्या रकान्यात तिचं नाव होतं. तिने पान ताजं केलं. नाव. पुन्हा. नाव. तिसऱ्यांदा, पापणी लवेल इतकाच वेळ, तिथे मुंग्यांची रांग दिसली. मग नाव. मग पडदाच बदलला. हे खातं सापडत नाही. कृपया ॲडमिनना भेटा.

एरवी ह्यावर ती पोट धरून हसली असती.

दाराला तिचं कार्ड लागलं नाही. लाल दिवा. आतून बाहेर पडायला बटण होतं म्हणून ती सुटली. मजल्यावरून ती चालत गेली तेव्हा एकही दिवा लागला नाही. अंधारातून ती भिंत चाचपत गेली आणि पँट्रीशी तिचा पाय अडखळला. आत फळीवर, फोनच्या उजेडात, दोन कप पुढे, धुतलेले, ओले. मागे, धुळीत, चार. चौथा तिचाच होता. तासाभरापूर्वी त्यातून चहा प्यायली होती ती. धूळ बोटभर होती.

गेटवर वॉचमन पँट वर करून गुडघ्याला मलम लावत होता. तिला बघून तो दचकला.

"मॅडम, आत कशा गेलात? आज बंद आहे सगळं."

"काका, मी... मलम बरं वाटतंय का?"

"हे?" त्याने ट्यूबकडे बघितलं. "कोणीतरी ठेवून गेलं इथे. भला माणूस असणार. गुण आहे याला." मग जरा कडक होत म्हणाला, "पण असं आत जायचं नाही, बरं का. माझी नोकरी जाईल."

ती बसने गेली, तिकीट काढलं, कंडक्टरने पैसे घेतले, सुटे दिले. एवढ्यानेही तिला धीर आला. म्हणजे मी आहे. फक्त ह्या लोकांचं काहीतरी बिघडलंय. बसमध्ये ती पूर्ण वेळ उभी राहिली, जागा होती तरी. बसवेना. मनात एकच घोकत होती: आई. पाचच्या आत.

(मला ही गोष्ट जिने सांगितली, ती इथे येऊन बराच वेळ थांबली होती. कोण बरं ती? चेहरा आहे डोळ्यांसमोर. असो.)

आश्रमात पोचली तेव्हा पावणेपाच झाले होते. व्हरांड्यात सिस्टर फोनवर बोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. ती सरळ शेवटच्या खोलीत गेली. आई खाटेवर, उशीला टेकून, चादरीची किनार बोटांनी सरळ करत बसली होती. कुलूपताई दारातच थांबली. आत जायचा धीर होईना. तिच्या उभ्या जन्मात तिने एवढी मोठी परीक्षा दिली नव्हती, आणि बसणार होती परीक्षेला आई.

आईने वर बघितलं. बघत राहिली.

"आलीस होय, ठमे," आई म्हणाली. "किती गं तो उशीर. तुझं आपलं सगळं सावकाश."

ती खाटेच्या कडेवर बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आईने तिच्या केसांतून हात फिरवला. हाताला साबणाचा वास होता.

"पुरे आता. पाहुण्यांसमोर रडतात का?"

"कोण पाहुणे?"

"तुझ्याबरोबर आलेत ते. उभे का ठेवलेस त्यांना? खुर्च्या दे. दमलेत तिघं."

कुलूपताईने मागे वळून बघितलं. दार, व्हरांडा, उन्हाचा एक पट्टा. कोणी नव्हतं. फक्त खोलीत तो वास आला. गार लोखंड, तापलेली धूळ.

"आई, कोण आहेत ते? नावं काय त्यांची?"

"मला नावं कुठली आठवायला," आई समजूतदारपणे म्हणाली. "माझं तसंच झालंय आता. पण त्यांनाही नाही आठवत म्हणे. विचारलं मी मघाशी."

ती उठली आणि तिने भिंतीशी रचलेल्या तीन खुर्च्या ओढून खाटेसमोर मांडल्या. का मांडल्या ते तिला सांगता आलं नसतं. पाहुण्यांना उभं ठेवायचं नाही, हे आईने शिकवलेलं, एवढंच.

तेवढ्यात सिस्टर चहाचा ट्रे घेऊन आल्या. चार कप. एक त्यांनी आईच्या हाती दिला. बाकीचे तीन खुर्च्यांसमोरच्या स्टुलावर, नीट अंतर ठेवून.

"बरं झालं आलात," त्या खुर्च्यांकडे बघून म्हणाल्या. "आजींकडे कोणीच येत नाही हो कधी."

"सिस्टर," कुलूपताई म्हणाली. त्या तिच्या अगदी खांद्याजवळून गेल्या. त्यांच्या पदराचा वारा तिला लागला.

स्टुलावर वाफा वर जात होत्या. मग मधल्या कपाची वाफ थांबली, एखाद्याने फुंकर घालावी तशी वाकडी झाली आणि पुन्हा सरळ वर गेली.

आईने हे सगळं बघितलं. आपला कप तिने दोन्ही हातांनी धरून लेकीपुढे केला.

"घे ठमे. माझ्यातला घे."

ती प्यायली. चहा गोड होता, आईला लागतो तसा. बाहेर सहाची घंटा झाली. भेटीची वेळ संपली. तीन खुर्च्या एकदम फरशीवर सरकल्याचा आवाज आला, पण दाराकडे कोणी गेलं नाही. खुर्च्या खाटेच्या वीतभर जवळ आल्या होत्या.

ती जागची हलली नाही. तिने आईचा हात घट्ट धरला होता. सिस्टरने येऊन दिवा बारीक केला, कप उचलले, चादर सारखी केली आणि गेल्या.

"आई, मी कोण?"

"ठमी," आई म्हणाली.

थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं.

"ठमी. कितींदा विचारतेस?"

समोर खुर्च्यांवर कोणीतरी वाट बघत असल्यासारखी शांतता होती. आईच्या पापण्या जड व्हायला लागल्या. तिने हात हलवून आईला जागं केलं आणि हळूच, अगदी कानाशी जाऊन, तिसऱ्यांदा विचारलं.

या वेळी आईला जरा वेळ लागला.